पहिल्या रकान्यातला डी

बसवनगुडी, बंगलोर
४ सप्टेंबर १९६९

ती. पद्माकरदादास,
अलकाचा नमस्कार.

राखीबरोबर दोन ओळी पाठवल्या होत्या, त्यामागोमाग हे दुसरं पत्र. काम आहे म्हणून लिहिते.

तू अमेरिकेहून आणलेली आणि कानपूरला जाताना आमच्या खात्यात ठेवून गेलेली, भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी आठवते का? विमानाचा पंख किंवा शेपूट किती वेगाला थरथरू लागेल ते काढणारा तुझा प्रोग्राम. आमच्याकडे तो चालवायला यंत्रच नव्हतं, म्हणून ती पेटी कपाटावर धूळ खात पडली होती. आता नवा कॉम्प्युटर आला आहे. आमचे साहेब नरसिंहराव यांनी स्वतः पेटी उचलून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या आतेभावाचाच प्रोग्राम ना, मग तुम्हीच चालवा."

चालवायला घेतला तर यंत्राने चार पानं भरून चुका छापून दिल्या. तुझा प्रोग्राम जुन्या फोर्ट्रान दोन भाषेतला आणि तो यंत्राला समजावून सांगणारा आमचा कंपायलर फोर्ट्रान चार शिकून आलेला. तू 'रीड इनपुट टेप' असं लिहिलंस की तो तिथेच अडतो. साइन, कोसाइन, वर्गमूळ यांच्या नावांना तू शेवटी एफ जोडला आहेस, ती नावं त्याच्या ओळखीची नाहीत. मी ज्यांच्याकडे राहते त्या अंबुबाईंचं असंच आहे. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इथलं. बोलतात मराठीच, पण पहिला महिनाभर मला त्यांचं निम्मं कळत नव्हतं आणि माझं त्यांना. आम्ही दोघी निदान हसून निभावून नेत होतो. हा कंपायलर हसत नाही.

दादा, तुला खरं सांगते, मला भीती वाटते. यंत्रावर आमची पाळी आठवड्यातून दोनदा येते. मी कार्डं देते, दुसऱ्या दिवशी कागद परत येतो, आणि तो उलगडायच्या आधी मी त्याची जाडी बोटांनी चाचपते. खात्यात बाई मी एकटीच. कागद जाड असला की बाकीचे लांबूनच ओळखतात आणि चहाला जाताना विचारतात, "आज किती?"

कोणत्या जुन्या शब्दाला कोणता नवा, एवढं मला लिहून पाठव. हेमलतावहिनींना नमस्कार.

तुझी,
अलका

*

कानपूर
१० सप्टेंबर १९६९

चि. अलकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. माझी पेटी अजून शाबूत आहे हे वाचून बरं वाटलं. तिला वाळवी लागली असेल असंच मी धरून चाललो होतो.

तुझा रोग ओळखीचा आहे. इथेही एक लहान जुनं यंत्र आहे, त्याला फोर्ट्रान दोन कळतं, आणि मोठं नवं आहे, त्याला चार. मुलं एकाची कार्डं दुसऱ्यात घालतात आणि रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे येतात. सोबतच्या कागदावर सगळं लिहिलं आहे. 'रीड इनपुट टेप पाच, दहा' असेल तिथे नुसतं 'रीड' लिहून पाच आणि दहा कंसात घाल. 'राइट आउटपुट टेप'चंही तसंच. साइन, कोसाइन, वर्गमूळ यांच्यामागचे एफ काढून टाक. नावाच्या सुरुवातीला एक्स आणि शेवटी एफ असेल तिथे मात्र थांब. ती पूर्णांकांची नावं आहेत, त्यांची नवी नावं कागदावर दिली आहेत.

आणखी एक. कंपायलर हा दारावरचा पहारेकरी आहे. तो पास बघतो, पिशवीत काय आहे ते बघत नाही. त्याने आत सोडलं म्हणजे गणित बरोबर झालं असं समजू नकोस. पेटीच्या तळाशी माझं एक उदाहरण आहे, त्याचं अमेरिकेतलं छापील उत्तरही आहे. आधी ते चालवून बघ.

भीती वाटते म्हणतेस, ती कसली? प्रोग्राम अभ्यासापुरताच चालवायचा आहे ना? मग घाई करू नकोस. यंत्राने चूक दाखवली तर ती यंत्राची मेहेरबानी समज. तुझी वहिनी म्हणते, अलका लहानपणी अंधारात माडीवर जायची आणि आता कागदाला घाबरते.

तुझा,
पद्माकरदादा

*

बसवनगुडी, बंगलोर
१८ सप्टेंबर १९६९

ती. दादास नमस्कार.

तुझा कागद पुढे ठेवून काम केलं आणि चार पानांचं एक पान झालं. त्या पानावर सगळीकडे एकच तक्रार होती, की पहिल्या पाच रकान्यांत आकडाच हवा, अक्षर चालणार नाही. बघितलं तर तुझ्या पुष्कळ कार्डांवर पहिल्याच रकान्यात डी होता. मला हसू आलं. तिकडे एवढ्या लोकांची कार्डं एकत्र होत असणार, आपली हरवू नयेत म्हणून तू आपल्या दाते आडनावाचा डी टाकून ठेवलास. सगळी कार्डं डी वगळून पुन्हा पंच करून घेतली. मंगळवारी एकही चूक आली नाही. नरसिंहरावांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. हे काम अभ्यासापुरतं नाही. आमच्या संस्थेने दोन माणसांचं लहान विमान बांधलं आहे, त्याच्या शेपटीसाठी हा हिशेब आहे. विमान ताशी एकशेचाळीस मैल वेगापर्यंत उडून आलं आहे. आता उंचावरून सूर मारून ताशी एकशेनव्वदपर्यंत न्यायचं आहे. प्रोग्रामने सांगितलं की शेपूट दोनशेछत्तीसच्या आत थरथरणार नाही, म्हणजे थरथरून तुटणार नाही. एकशेनव्वदच्या जवळजवळ सव्वापट, म्हणजे पुरेशी सूट मिळते, म्हणून अहवालावर सही झाली. शुक्रवारी, सव्वीस तारखेला, दिल्लीहून पाहुणे येणार आहेत आणि त्यांच्यासमोर तो सूर मारायचा आहे.

विमान चालवणार आहेत संताजी. हे अंबुबाईंचे चिरंजीव, एकुलते एक. पूर्वी हवाई दलात होते. मला 'अलकाक्का' म्हणतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असून. रोज रात्री एकाच पंक्तीला आम्ही तिघं जेवतो. काल त्यांनी विचारलं, "अलकाक्का, तुमचा आकडा आला म्हणे?" मी म्हटलं, आला. ते म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, "मग मला काळजी नाही." आणि अंबुबाईंनी माझ्या पानात आणखी एक चमचा तूप घातलं.

ते तूप मी तसंच पानात ठेवलं. कारण दादा, तुझं उदाहरण मी चालवलं होतं. उत्तराचे पहिले दोनच अंक तुझ्या छापील उत्तराशी जुळतात, पुढचे सगळे वेगळे. मी नरसिंहरावांना दाखवलं. ते म्हणाले, यंत्र वेगळं, भाषा वेगळी, एवढा फरक पडायचाच. मला ते पटलं असं मी म्हटलं. पटलं नव्हतं, पण काय चुकलं ते मला दाखवता येत नव्हतं, आणि नुसतं 'मला भीती वाटते' असं साहेबांना कसं सांगायचं?

फरक खरंच पडतो का रे? मला लगेच लिही. माझी झोप गेली आहे.

अलका

*

तार. कानपूर, २४ सप्टेंबर १९६९

डी माझ्या नावाचा नाही. कार्डं पूर्ववत करावीत. आकडा चूक. उड्डाण थांबवा. पद्माकर.

*

कानपूर
२४ सप्टेंबर १९६९

चि. अलकास,

तुझं पत्र आज दुपारी हातात पडलं. तसाच तार ऑफिसात गेलो, तिथूनच हे लिहितो आहे. बंगलोरला ट्रंक कॉलही मागितला. लाइन मिळेल तेव्हा मिळेल म्हणतात. तुझ्या संस्थेत रात्री कोण फोन उचलणार, ते मला माहीत नाही.

अलका, तो डी दात्यांचा नव्हता. फोर्ट्रान दोनमध्ये पहिल्या रकान्यात डी असला की त्या कार्डावरचं गणित दुप्पट अंक घेऊन करायचं असा अर्थ असे. फोर्ट्रान चारमध्ये ती रीत गेली. तिथे प्रोग्रामच्या सुरुवातीलाच 'डबल प्रिसिजन' असं लिहून त्यापुढे नावं द्यावी लागतात. तू डी काढलास, म्हणजे यंत्राला सांगितलंस की अर्धेच अंक धर. त्यातून तुमचं नवं यंत्र साध्या गणितात त्या अमेरिकेतल्या यंत्राहूनही कमी अंक ठेवतं.

त्या डीच्या कार्डांवर दोन अवाढव्य संख्या एकमेकींतून वजा होतात. त्या जवळजवळ सारख्या असतात आणि खरं उत्तर त्यांच्या शेवटच्या अंकांत असतं. ते अंकच राहिले नाहीत, तर जे उरेल तो नुसता कचरा. कंपायलरला तो दिसत नाही, कारण व्याकरणात कसलीच चूक नाही.

खरा आकडा दोनशेछत्तीसच्या वर आहे की खाली, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. म्हणून त्या माणसाला वर जाऊ देऊ नकोस. नरसिंहराव ऐकत नसतील तर संताजींना स्वतः सांग.

तार वेळेवर पोचली की नाही ते कळव. दोन शब्द लिही, पण आजच लिही.

दादा

*

बसवनगुडी, बंगलोर
२७ सप्टेंबर १९६९

ती. दादास,

आधी हे वाच: संताजी सुखरूप आहेत.

तार गुरुवारी सकाळीच आली होती, पण मी कामावर गेले होते. तारवाल्याने ती अंबुबाईंच्या हातात दिली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांचे यजमान खंडोजीराव लढाईत ब्रह्मदेशात गेले, त्याची खबर तारेनेच आली होती. संताजी सकाळीच विमानतळावर गेलेले. अंबुबाईंनी तार उघडली नाही, कुणाकडून वाचूनही घेतली नाही. देवासमोर ठेवली आणि समोर बसून राहिल्या. मी संध्याकाळी आले तेव्हा चूल थंड होती आणि त्या सकाळच्याच जागी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "स्वल्प बघ की अलका. पोरगा आहे का गेला, तेवढंच सांग."

पाकिटावर माझं नाव होतं. मी म्हटलं, "अंबुबाई, ही माझी तार आहे. तुमची नाही." त्यांनी डोळे मिटले. मग मी तार वाचली, आणि त्यांनी डोळे उघडून माझं तोंड बघितलं. म्हणाल्या, "माझीच आहे ती."

तेवढ्यात संताजींची मोटरसायकल दारात थांबली. मी उंबऱ्यातच त्यांना सगळं सांगितलं, अंबुबाईंच्या देखत. माझ्या हातून डी गेले, आकडा चूक आहे. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "मग खरा किती?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"जास्त असू शकेल?"

"असू शकेल. कमीही असेल."

त्यांनी मोटरसायकल तशीच वळवली आणि मला मागे बसायला सांगितलं. आम्ही मल्लेश्वरमला नरसिंहरावांच्या घरी गेलो. ते पाहुण्यांना आणायला स्टेशनवर निघाले होते, अंगात कोट होता. तार वाचून ते खुर्चीत बसले. मला वाटलं रागावतील, पण त्यांनी तार पुन्हा वाचली. मग म्हणाले, "उद्या मी काय सांगू? माझ्याच सहीच्या अहवालावर माझाच विश्वास नाही, असं? नवा आकडा यायला मंगळवार उजाडेल. पाहुणे उद्या संध्याकाळी परत जाणार. पुढचे पैसे याच सुरावर ठरणार आहेत."

संताजी म्हणाले, "सर, तुम्ही काही सांगू नका. मी एकशेचाळीसपर्यंत जाऊन आलेलो आहे, तेवढं जाईन आणि उतरेन. विचारलं तर सांगा, पायलटची तयारी नाही."

नरसिंहरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

शुक्रवारी ते तसेच उडले आणि उतरले. आम्ही सगळे मैदानाच्या कडेला उभे होतो. पाहुण्यांपैकी एक जण माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो हसत हिंदीत म्हणाला, "पायलट साहब डर गये." संताजी टोपी काढत जवळून चालले होते. त्यांनी ते ऐकलं. नरसिंहरावांनीही ऐकलं, आणि ते जमिनीकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं होतं, दादा. संताजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून मिटलं.

आता मला वेगळीच भीती लागली आहे. नवा आकडा अडीचशे आला तर? मग या माणसाला मी फुकट भित्रा ठरवलं असं होईल. तुला लिहायलाही लाज वाटते, पण काल मी गणपतीसमोर उभं राहून आकडा कमी येऊ दे असं मागितलं. म्हणजे काय मागितलं ते मला परत येताना रस्त्यात कळलं.

सोमवारी कार्डं यंत्रावर जातील. सुरुवातीला काय काय लिहायचं ते लगेच कळव. त्याआधी उत्तर आलं नाही तर मी पुढच्या पाळीपर्यंत थांबेन. पुन्हा अंदाजाने काही करणार नाही.

अलका

*

कानपूर
१ ऑक्टोबर १९६९

चि. अलकास,

ट्रंक कॉल लागलाच नाही. तुझं पत्र येईपर्यंत आम्ही दोघं रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून उघडत होतो. आज हेमलताने पत्र फोडलं, पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि कणीक मळायला निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

सोबत सगळं लिहून दिलं आहे. ज्या कार्डांवर डी होता त्यांवरचं प्रत्येक नाव सुरुवातीच्या 'डबल प्रिसिजन'च्या यादीत आलं पाहिजे. साइन, कोसाइन, वर्गमूळ यांची दुप्पट अंकांसाठी निराळी नावं आहेत, ती वापर. एकही जुनं राहिलं तर कंपायलर बोलणार नाही आणि अंक तिथेच गळतील. म्हणून आधी फक्त माझं उदाहरण चालव. ते शेवटच्या अंकापर्यंत जुळेपर्यंत विमानाची कार्डं यंत्राजवळ नेऊ नकोस, मग कुणी कितीही घाई करो.

आकडा कसाही आला तरी तू सांगितलंस ते बरोबरच होतं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणालीस.

दादा

*

बसवनगुडी, बंगलोर
११ ऑक्टोबर १९६९

ती. दादास नमस्कार.

यंत्रावर आता आमची पाळी रोज असते. सोमवारी तुझं उदाहरण जुळलं नाही. एक वर्गमूळ जुनंच राहिलं होतं, ते सापडायला दोन दिवस गेले. नरसिंहराव रोज दाराशी येऊन उभे राहायचे आणि काही न विचारता परत जायचे. गुरुवारी उदाहरण शेवटच्या अंकापर्यंत जुळलं. मग विमानाची कार्डं घातली.

काल कागद आला. एकशेएकाहत्तर.

मी तो नरसिंहरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून बघितलं. मग मला बसायला सांगून माझ्यासमोरच दिल्लीला पत्र सांगितलं: पहिला अहवाल चूक होता, त्यावर सही माझी होती, पायलटने माझ्या सोयीसाठी दोष स्वतःवर घेतला, सूर मारला असता तर विमान परत आलं नसतं. टायपिस्टने शेवटचं वाक्य पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. शेपटी आता उघडणार, थरथर रोखायला तिच्यात वजनं बसवणार, आणि सगळा हिशेब नव्याने करायचा आहे. तो माझ्याकडेच दिला आहे. मी नको म्हणून बघितलं.

घरी आले तेव्हा पानं मांडलेली होती. मला वाटलं, जेवण झाल्यावर सांगावं. पण संताजींनी बसता बसताच विचारलं, "आला का?"

मी आकडा सांगितला.

त्यांनी सारभात कालवला, दोन घास खाल्ले. अंबुबाईंना आकड्यातलं काही कळत नव्हतं, त्या एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. मग संताजींनी ताकाचं भांडं उचललं. ते तोंडाशी जाईना. ताक त्यांच्या मनगटावर सांडलं, पानात सांडलं, आणि भांडं दाताला लागून वाजलं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एवढा मोठा माणूस, दादा. मी पानाकडे बघत राहिले.

अंबुबाई उठल्या. मुलामागे जाऊन बसल्या, आपल्या पदराने त्याचं मनगट पुसलं आणि तसंच धरून ठेवलं. "पुरे," म्हणाल्या. "आता भी की. भिऊन घे. मी आहे." मग ते मोठ्याने श्वास घेऊ लागले, आणि अंबुबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

मी माझं पान उचललं आणि मोरीवर जाऊन उभी राहिले. नळ सोडला, माझं रडणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

तुझी,
अलका